माणिकरावांचे आठ वण

हिंगोलीच्या तहसील कचेरीतले अहलकार, म्हणजे कारकून, माणिकराव यांच्याजवळ मिरवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक त्यांचं उर्दू अक्षर आणि दुसरी त्यांचे दंड. दंड म्हणजे तालमीतले नव्हेत. सदऱ्याची बाही वर केली तर आत काही आहे की नाही, असा प्रश्न पडावा इतपतच ते होते. पण त्यांवर लहानपणी देवी काढल्याचे आठ वण होते. डाव्यावर चार, उजव्यावर चार. साऱ्या गावाला चारच असतात, आणि पुष्कळांना तेवढेही नसतात. त्यामुळे कुठेही रोगराईची गोष्ट निघाली की माणिकराव आधी डावी बाही वर सारायचे, मग जरा थांबून उजवी.

हे आठ कसे झाले ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तीस-बत्तीस वर्षांमागे पुसेगावात देवी काढणारे डॉक्टर आले, तेव्हा माणिकराव सहा वर्षांचे होते आणि त्यांचे थोरले भाऊ दगडोबा दहा वर्षांचे. डॉक्टरची सुई पाहून दगडोबा जे पळाले ते थेट घरातल्या ज्वारीच्या कणगीत जाऊन बसले. सारी गल्ली हाका मारून दमली. डॉक्टरला सूर्य मावळायच्या आत सेनगाव गाठायचं होतं आणि यादी पुरी झाल्याशिवाय हलायची सोय नव्हती. "नावं दोन, तर देवी दोघांच्या," असं म्हणून त्यांनी माणिकरावांचा दुसरा हात ओढला आणि दगडोबांच्या चार देवी माणिकरावांच्याच उजव्या दंडावर काढून टाकल्या. यादी पुरी झाली. कागदोपत्री दोघं भाऊ सुरक्षित झाले.

दोन वर्षांनी गावात खरोखरच देवीची साथ आली. तिने यादी वाचली नाही. दगडोबा वाचले, पण डावा डोळा गेला आणि चेहऱ्यावर खड्डे राहिले. दगडोबा अजून पुसेगावलाच शेती करत होते, आणि कोणी विचारलंच तर हसून सांगत, "माझ्या वाटच्या देवी आमच्या माणक्यानं काढून घेतल्या ना!" या वाक्यावर माणिकराव कधी हसत नसत. पण ते फारसं कोणाच्या ध्यानात येत नसे.

तर सन १३४६ फसली, म्हणजे इंग्रजी १९३७. औंढ्याची शिवरात्रीची जत्रा नुकतीच संपली होती. पोरं जत्रेतून पिपाण्या घेऊन आली आणि सोबत गालफुगीही घेऊन आली. अर्ध्या गल्लीची पोरं दोन्ही गाल फुगवून ओट्यावर बसली होती. त्याच सुमारास कचेरीत वर्दी आली, की पाडव्यानंतरच्या सोमवारी देवी काढणारे डॉक्टर हिंगोलीत येतील.

माणिकरावांची मुलगी कालिंदी चार वर्षांची होती. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली, एकुलती एक. तिच्या देवी काढायच्या राहिल्या होत्या, कारण तिची आई सुमनबाई काढू देत नव्हती.

"न्हाई म्हंजे न्हाई," सुमनबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "शेजारच्या नीलाबाईच्या भाचीचा हात महिनाभर पिकला होता. आन् चांगल्या लेकराला आपणहून रोग कशाला टोचायचा?"

इथे माणिकरावांनी एवढंच म्हणायला हवं होतं, की बाई, देवी काढल्या की देवी येत नाहीत. एवढं खरं होतं आणि एवढं पुरेसं होतं. पण नुसतं खरं बोलून ज्याचं समाधान होतं असा माणूस कचेरीत वीस वर्षं टिकत नाही. त्यांनी डावी बाही वर सारली.

"अगं, देवीचं काय घेऊन बसलीस! मला कधी गोवर आला? कांजिण्या आल्या? साधं पडसं तरी दोन दिवसांवर टिकतं का? हे आठ वण म्हंजे आठ पहारेकरी हायत. कोणताच रोग आत शिरत न्हाई!"

"कोणताच न्हाई?"

"कोणताच न्हाई!" आणि त्यांनी उजवी बाहीसुद्धा वर सारली.

सुमनबाईने भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "लहानपणी गालफुगी झाली होती का तुमाला?"

"मुळीच न्हाई."

"मंग ऐका. गल्लीभर गालफुगी हाय. तो डॉक्टर येईस्तोवर तुमाला ती झाली न्हाई, तर मी सोता लेकरू त्याच्या हातात देईन. पण झाली, तर ह्या घरात पुन्हा सुईचं नाव काढायचं न्हाई. हाय कबूल?"

"कबूल!" माणिकराव म्हणाले. पुढे कित्येक दिवस त्यांना वाटत राहिलं, की हा शब्द आपल्या तोंडून दुसऱ्याच कोणीतरी काढला असावा.

पण त्या दिवशी त्यांना पैज जिंकल्यातच जमा वाटत होती, आणि नुसती जिंकून भागणार नव्हतं, ती कागदावर सिद्ध करायची होती. दुसऱ्याच दिवशी ते दौत-टाक घेऊन गल्लीत निघाले. चार रकाने आखलेला एक तक्ता त्यांनी केला होता: लेकराचं नाव, देवी काढल्या का, आजवर कोणकोणते रोग झाले, शेरा. गल्लीत पोरं तेवीस होती. पण पहिल्याच घरी म्हातारीने नातवाला पदराखाली लपवलं आणि त्याचं वय साठ सांगितलं. दुसऱ्या घरी लोकांनी म्हशी मोजायला आले असं समजून म्हैस मागच्या दाराने बाहेर काढली. तिसऱ्या घरी मात्र चांगला चहा मिळाला, कारण माणिकराव पोरींसाठी सरकारी नोकरीतलं स्थळ पाहून राहिले, अशी बातमी त्यांच्यापुढे एक घर पोचली होती.

आठ दिवसांनी तक्ता पुरा झाला आणि माणिकरावांना नाचावंसं वाटलं. देवी काढलेली नऊ पोरं. त्यांतलं एकच आजारी. न काढलेली चौदा. त्यांतली दहा आजारी. त्यांनी तो तक्ता नीलाबाईच्या ओट्यावर साऱ्यांना वाचून दाखवला. नीलाबाईला अक्षर येत नव्हतं, पण ती लसूण निवडता निवडता ऐकत होती.

"भाऊजी, एक विचारू का? देवी काढलेली ती नऊ लेकरं कोणाची?"

"दोन मास्तरांची, चार वकिलांची, तीन आमच्या कचेरीतल्या मुन्शींची."

"मंग बराबर हाय. ती लेकरं दूध पिऊन राहिली, निराळ्या खोलीत निजून राहिली. गालफुगी निघाली म्हणताच त्यांच्या मायांनी दाराला कडी लावली. आमची पोरं एका वाकळंत पाच निजतात अन् एका ताटात जेवतात. एकाला झालं की पाचाला होते. त्यात तुमच्या वणाचं काय?"

माणिकरावांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. शास्त्रीय गोष्टी बायकांना कळत नाहीत, असा शेरा त्यांनी मनातल्या मनात मारला. आणि तिची खात्री पटावी म्हणून ते तिथेच, गाल फुगवून बसलेल्या तिच्या पोराशेजारी मांडी घालून बसले आणि त्याच्या ताटलीतले गूळ-शेंगदाणे त्याच्या बरोबरीने खाल्ले. पोराने दोनदा ताटली ओढून घेतली. माणिकरावांनी दोनदा ती परत ओढली.

इथवर गोष्ट गल्लीत होती. पुढे ती कचेरीत गेली, आणि कचेरीत गेलेली गोष्ट साधी राहत नाही. त्या आठवड्यात तहसीलचे पाच जण गालफुगीच्या रुखसतीवर, म्हणजे रजेवर, होते. तहसीलदारसाहेब वैतागले होते. माणिकरावांनी अदबीने तक्ता पुढे ठेवला, बाह्या वर केल्या आणि अर्ज केला, की हुजूर, ज्यांच्या दंडावर देवीचे वण आहेत त्यांना गालफुगी होऊच शकत नाही. तेव्हा त्यांची रुखसत म्हणजे निव्वळ बहाणा.

साहेबांना हे फार पसंत पडलं. "लिखो," ते म्हणाले. माणिकरावांनी आपल्या वळणदार अक्षरात हुकूम लिहिला: दंडावर देवीचे वण असलेल्या कोणाही मुलाजिमास गालफुगीच्या कारणावर रुखसत मिळणार नाही. साहेबांनी सही केली. हुकूम दाराला चिकटला. माणिकराव येता-जाता त्यातला 'ह' न्याहाळत; तो फारच सुंदर जमला होता.

तिसऱ्या दिवशी चपराशी शंकरसिंग गाल धरून हजर झाला. त्याच्या दंडावर चार वण होते. त्याला हुकूम दाखवण्यात आला.

"अहलकारसाब," तो कळवळून म्हणाला, "गाल तो देखो! ये बहाना है क्या?"

"शंकरसिंग, ही सूज दाताची असेल," माणिकराव म्हणाले. "वण असल्यावर गालफुगी होत न्हाई. हुकमात लिहिलंय." बिचारा शंकरसिंग फुगलेल्या गालांनी पाच दिवस घंटा बडवत राहिला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सुमनबाईने चिंचेचं सार केलं. माणिकरावांनी पहिला भुरका मारला आणि उजव्या कानाखाली कोणीतरी दाभण खुपसावं तशी कळ आली. डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं वो?"

"काही न्हाई. तिखट हाय जरा."

"त्यात तिखट घातलंच न्हाई," सुमनबाई म्हणाली आणि तिने आणखी एक वाटी वाढली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी उभी राहिली, शेजारपाजार जमला, आणि सुमनबाई कडुनिंबाचा प्रसाद घेऊन आली. चिंच, गूळ आणि कोवळा पाला. यंदा त्यात चिंच अंमळ जास्तच होती. माणिकरावांनी गोळी न चावता गिळायचा बेत केला होता, पण नीलाबाई समोर उभी होती. "चावून खा भाऊजी, नुसतं गिळलं तर वर्सभर गुण येत न्हाई." त्यांनी चावली. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने गुढीवरचा कावळा उडाला. "किती कडू हाय यंदा पाला!" एवढं म्हणून ते आत गेले आणि आरशात पाहिलं. उजवा गाल डाव्याहून स्पष्टच मोठा होता.

डॉक्टर यायला चार दिवस उरले होते. चार दिवस गाल लपवला की झालं, असा हिशेब माणिकरावांनी केला आणि ट्रंकेतून लोकरीचा मफलर काढला. चैत्राचं ऊन असं, की कुत्री गटारात बसलेली. त्यात हा गृहस्थ कानापासून गळ्यापर्यंत लोकर गुंडाळून निघाला. "दाढ दुखते," असं त्यांनी घरात, गल्लीत आणि वाटेत भेटलेल्या एका अनोळखी बैलगाडीवाल्यालाही सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

दाढ म्हणताच साऱ्या गल्लीतलं वैद्यक उफाळून आलं. एकाने लवंग दिली, दुसऱ्याने तंबाखू. तिसऱ्याने खिळे उपटायचा चिमटा आणला आणि "फक्त तोंड उघडा" म्हणून पारापर्यंत पाठलाग केला. तोंड उघडणंच तर शक्य नव्हतं. नीलाबाईचा उपाय निराळा होता. तिने कुंभाराकडून चाकावरची ओली माती मागवली आणि पानावर घालून सुमनबाईकडे ठेवली. "गालफुगीवर हीच लावतात," ती म्हणाली. "पण भाऊजीची दाढ दुखून राहिली म्हणा. राहू द्या, कामी येईल."

शुक्रवारी डावा गालही फुगला. अंगात ताप होता. माणिकराव कसेबसे कचेरीत पोचले आणि रुखसतीचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी मफलर काढायला सांगितला. दोन्ही गाल बाहेर आले.

"ये क्या है?"

"दाढ, हुजूर."

"दोनों तरफ?"

माणिकरावांनी मान खाली घातली. मान खाली घालायलाही तकलीफ होत होती. शंकरसिंग दाराशीच उभा होता. त्याने न सांगता दारावरचा हुकूम सोडवून आणला आणि दोन्ही हातांनी अदबीने टेबलावर ठेवला. साहेबांनी तो हळूहळू, चवीने मोठ्याने वाचला.

"खत बहुत खूबसूरत है," ते अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले. "लेकिन आठ निशान वालों के लिए अलग हुक्म तो इसमें नहीं है. जाइए, काम कीजिए."

त्या दिवशी माणिकरावांनी ताप अंगात घेऊन तेहतीस कागद नकलून काढले. त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच त्यांच्या 'ह'ला वळण नव्हतं. दुपारी शंकरसिंग पाण्याचा पेला घेऊन आला. पेला त्याने हळूच ठेवला आणि म्हणाला, "कागज मैं पहुंचा दूंगा साब, आप बैठो." एवढ्यावर माणिकरावांना जी लाज वाटली, तेवढी साहेबांच्या बोलण्यानेही वाटली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी मफलर काढला, घडी केली आणि चुलीपुढे सुमनबाईजवळ जाऊन बसले. बोलणं नीट येत नव्हतं, पण त्यांनी बोलायचं ठरवलं होतं.

"मी हरलो," ते म्हणाले. "गालफुगी हाय. परवापासून हाय. आठ वणांनी काही केलं न्हाई. नीलाबाई म्हणाली तेच खरं. तक्ता, पहारेकरी, सगळी माझी घमेंड. पण एक ऐक. देवीचं तेवढं खोटं न्हाई. दादाला देवी आल्या तेव्हा मी त्याच्याच जवळ होतो. तो पाणी मागायचा आन् मी द्यायचो. एका घोंगडीवर बसायचो. मला एक पुळी आली न्हाई, आन् त्याचा डोळा गेला. त्याच्या चार माझ्या हातावर होत्या, सुमन. मी उगंच त्यांचा बडेजाव करत राहिलो. आता माझ्या फुशारकीपायी लेकराच्या देवी राहून गेल्या, तर मी दादाला तोंड कसं दाखवू?"

सुमनबाई उठली. तिने दूध-भात कालवून पुढे ठेवला. मग नीलाबाईने दिलेली माती घेतली आणि नवऱ्याच्या दोन्ही गालांवर नीट लिंपली. माणिकरावांना वाटलं, संपलं सारं, आता कालिंदीच्या देवी निघत नाहीत.

सोमवारी सकाळी पुसेगावची बैलगाडी दारात उभी राहिली आणि दगडोबा उतरले. माणिकराव मातीचे गाल घेऊन ओट्यावर आले.

"दादा, तू काहून आलास?"

"तुझ्या बायकूनं सांगावा धाडला," दगडोबा म्हणाले. मग एका डोळ्याने त्यांनी भावाला खालून वरपर्यंत पाहिलं. "हे काय रं माणक्या? आठ असून?"

सुमनबाई कालिंदीला न्हाऊमाखू घालून बाहेर घेऊन आली होती.

"पण मी हरलो ना?" माणिकरावांना काही उमजेना.

"तुमी पाडव्याच्या आदल्या दिशीच हरलात. गालफुगीत आंबट सोसत न्हाई. सार काय उगंच वाढत होते का मी?" सुमनबाई म्हणाली. "त्याच दिशी भाऊजींना सांगावा धाडला. फुगलेला गाल चार दिवसांनी उतरते. गेलेला डोळा येते का?"

डॉक्टरांनी पारावर टेबल मांडलं होतं. तिथे पोचल्यावर गंमत झाली. माणिकरावांच्या तक्त्यात देवी न काढलेल्या चौदा पोरांची नावं बिनचूक उतरलेली होती. डॉक्टरांनी तोच तक्ता हातात घेतला आणि नावं पुकारायला सुरुवात केली. एकालाही लपायची सोय राहिली नाही. म्हातारीचा साठ वर्षांचा नातूसुद्धा हाती लागला. शेवटी कालिंदीची पाळी आली. तिने सुई पाहिली आणि आईचं बोट सोडून जी पळाली, ती घरात शिरून कणगीच्या कडेवर चढू लागली. मागोमाग दगडोबा गेले आणि तिला उचलून काखेत घेतलं.

"तिथं जाऊ नको माय. मी एकडाव गेलो होतो. आतून बाहेर आलो तेव्हा उशीर झाला होता."

"मंग मोठे बाबा, आधी तुमी घ्या," परत पारावर येऊन त्यांच्या मांडीवर बसताच कालिंदी म्हणाली.

दगडोबांचा चेहरा पडला. बैलाच्या शिंगाला न भिणारा हा बेचाळीस वर्षांचा माणूस सुईकडे पाहून घामाघूम झाला. डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्हाला देवी येऊन गेल्या आहेत, तुम्हाला गरज नाही." दगडोबांनी एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा मांडीवरच्या पोरीकडे. मग उरलेला डोळा गच्च मिटला आणि बाही वर सारली.

"काढा," ते म्हणाले. "चारी काढा."

डॉक्टरांनी सुई फिरवली. दगडोबांनी हूं की चूं केलं नाही. कालिंदीने ते नीट पाहिलं आणि आपला चिमुकला दंड पुढे केला. ती थोडी रडली, पण मोठ्या बाबांहून कमी भ्याली, असं ती पुढे कित्येक वर्षं सांगायची.

सगळं आटोपल्यावर डॉक्टर रजिस्टर घेऊन बसले. लस गेली म्हणजे नाव पडायला हवं. "पाटील, तुमचं नाव?"

दगडोबांनी आपल्या धाकट्या भावाकडे पाहिलं. माणिकराव गालांवर वाळलेली माती घेऊन उभे होते.

"माणिक लिहा," दगडोबा म्हणाले. "त्यानं एकडाव माझ्या नावानं घेतल्या होत्या."

माणिकरावांना हसू आलं, पण गालफुगीत हसता येत नाही. म्हणून ते रडले, आणि दोन्ही गालांवरची माती हळूहळू सदऱ्यावर उतरली.